एकसष्टावी मतदार : अमेरिकेत लोक मत द्यायला का येत नाहीत?

ओसरीवरची (न्यू जर्सी)

परवा मंगळवारी आमच्या गावात शाळेच्या बाँडचं मतदान होतं. शाळेचं गळकं छप्पर, जुने बॉयलर आणि थोड्या नव्या वर्गखोल्या, यासाठी स्कूल डिस्ट्रिक्टने कर्ज काढावं की नाही एवढाच प्रश्न. कर्ज फेडायचं आम्हीच, प्रॉपर्टी टॅक्समधून, आणि तेही वीस वर्षं.

ऑफिसातून थेट गेले, संध्याकाळचे सव्वासहा झाले असतील. केंद्र म्हणजे फायरहाऊसचा मागचा हॉल. दोन टेबलं, एक मशीन, कोपऱ्यात कॉफीचा थर्मास आणि टेबलामागे दोन आज्या. त्यातली एक स्वेटर विणत होती. मतदार म्हणून आत मी एकटीच. सही केल्यावर तिने चिठ्ठी फाडून हातात दिली, त्यावर आकडा ६१. मी विचारलं, "दिवसभरात एकसष्टच?" ती विणता विणता म्हणाली, "मागच्या वेळेपेक्षा बरे आलेत."

आता गंमत बघा. आपल्या मंडळाच्या गणपतीला आमच्या गावातून माझ्या ओळखीची चाळीस-पन्नास कुटुंबं तरी असतात. सगळ्यांची मुलं याच शाळेत. व्हॉट्सॲपवर छप्पर गळतं म्हणून फोटो टाकणारी हीच मंडळी. मतदान आहे हे निम्म्यांना माहीत नव्हतं. उरलेल्यांना माहीत होतं, पण सॉकरची प्रॅक्टिस होती.

२०२४ ला अध्यक्षांच्या निवडणुकीत याच गावात अर्ली व्होटिंगला मी दीड तास रांगेत उभी होते. देशभरातले आकडेही तसेच आहेत. २०२० मध्ये पात्र मतदारांपैकी ६६ टक्के लोकांनी मत दिलं, १९०० नंतरचा हा उच्चांक. २०१४ च्या मिडटर्मला (अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावरची निवडणूक) जेमतेम ३६ टक्के, दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतरचा नीचांक. आणि खाली गावापर्यंत आलं की फायरहाऊसमधली एकसष्टावी मी.

हे आळसामुळे होतं असं मी इतके दिवस समजत होते. परवापासून तेवढी खात्री राहिली नाही. तुमच्याकडे काय चित्र आहे?

---

खवचट_सदाशिवपेठी

छप्पर गळतंय तर खाली बादली ठेवावी, बाँड कशाला? :)

बाकी खरं सांगायचं तर मत देऊन होतं काय? न्यू जर्सीत अध्यक्षपदाला निळा, म्हणजे डेमोक्रॅट, दगड उभा केला तरी निवडून येईल. माझं मत त्या ढिगात पडलं काय नि न पडलं काय. मी आपला मंगळवारी भाजी आणतो.

---

काटेकोर

आकडे काढण्याआधी छेद बघा, नाहीतर गप्पा भरकटतात. भारतात ६५.७९ टक्के मतदान (२०२४ लोकसभा) म्हणतात तेव्हा छेदात असतात मतदार यादीत नाव असलेले लोक. अमेरिकेत ६६ टक्के म्हणतात तेव्हा छेदात असतात सगळे पात्र नागरिक, नाव नोंदवलेलं असो वा नसो. दोन्ही शेजारी ठेवून 'बघा, आपण जवळपास सारखेच' असं म्हणता येत नाही.

इथल्या सेन्सस ब्यूरोचा २०२० चा सर्व्हे बघा. मतदानाच्या वयाच्या नागरिकांपैकी नोंदणी झालेले सुमारे ७३ टक्के, मत दिलं असं सांगणारे सुमारे ६७ टक्के. म्हणजे ज्यांचं नाव यादीत होतं त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांनी मत दिलं! गळती होते ती यादीच्या दारात.

आपल्याकडे नाव यादीत घालणं हे सरकारचं काम मानलं जातं. बीएलओ (बूथचा निवडणूक कर्मचारी) दारात येतो, शाळेतले मास्तर उन्हातान्हात घरं पालथी घालतात. (नाव गायब होतं, मेलेल्याचं राहतं, त्या रडगाण्याचा वेगळा धागा काढा.) इथे ते काम तुमचं. घर बदललं की पत्ता बदलायचाही तुम्हीच, आणि भाड्याच्या घरातली तरणी पोरं तर दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलतात. १९९३ मध्ये 'मोटर व्होटर' कायदा आला, लायसन्स काढताना नोंदणीची सोय झाली. ऑरेगनने २०१६ पासून ती आपोआप करायला घेतली. नॉर्थ डकोटात तर नोंदणी हा प्रकारच नाही. पण प्रत्येक राज्याचा सवतासुभा. एकाच देशात पन्नास निवडणूक आयोग आहेत असं समजा.

---

आत्याबाई_मिनेसोटा

काटेकोरशी सहमत. आमचं राज्य मतदानात बहुतेक वेळा पहिलं-दुसरं असतं, २०२० ला ८० टक्क्यांच्या घरात होतं. आम्ही काही जास्त शहाणे नाही, इथे १९७० च्या दशकापासून मतदानाच्या दिवशीच नोंदणी करता येते, हे त्यामागचं मोठं कारण. पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच भागातला नोंदणी झालेला मतदार तुमच्यासाठी शपथेवर सांगू शकतो, की हा बाबा इथेच राहतो. एकाला आठ जणांसाठी असं सांगता येतं.

मी एकदा असं शपथेवर सांगितलंय. शेजारचा पोरगा नुकताच राहायला आलेला, हातात ना वीजबिल ना भाडेकरार. बाहेर उणे काहीतरी तापमान, हा हुडी घालून दारात उभा. मी म्हटलं चल. सही केली, दहा मिनिटांत त्याचं पहिलं मत झालं. न्यू जर्सीत नोंदणी २१ दिवस आधी लागते, तिथे आला असता तर बिचारा तीन आठवडे उशिरा ठरला असता.

---

सदू_मिरजकर

धागा वाचून मजा वाटली. आमच्या गावात ग्रामपंचायतीला शंभरात ऐंशीच्या खाली मतदान झालं तर लोक विचारतात, काय कुठं साथ आली होती का? पुण्या-मुंबईच्या पोरांना आणायला जीप जाते, म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचलून आणतात. दोन मतांनी पॅनेल पडतं, म्हणून एकेक मत मोजून ठेवलेलं असतं. (जेवणावळींचं बोलत नाही, पोरंबाळं वाचत असतात.)

तुमच्याकडं उलटं दिसतंय. दिल्लीला... आपलं, वॉशिंग्टनला रांगा आणि गावकीला कुणी नाही.

---

काटेकोर

मिरजकर, लगेच हुरळून जाऊ नका. दक्षिण मुंबईत २०२४ लोकसभेला ५० टक्क्यांच्या आसपासच मतदान झालं होतं. तिथे तर पगारी सुट्टी होती, कायद्याने.

---

ओसरीवरची

अनुमोदन. सुट्टी मिळाली की लोक लोणावळ्याला जातात हे आपण बघितलंय. पण इथल्या मंगळवारचं मला खरंच कुतूहल आहे, कुणाला माहीत आहे का?

---

रिचमंडकर

ताई, मंगळवार १८४५ च्या कायद्यातून आला. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. तेव्हा बहुतेक लोक शेतकरी. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली आणि थंडी अजून कडाक्याची नाही. रविवार चर्चचा, बुधवार अनेक ठिकाणी बाजाराचा. घोडागाडीने काउंटीच्या गावी पोचायला एक दिवस धरायचा, म्हणून मंगळवार. घोडे गेले, बाजार गेला, मंगळवार तेवढा राहिला. आणि केंद्राची सुट्टीही नाही. तासावर पगार असलेल्या माणसाने शिफ्ट बुडवून रांगेत उभं राहायचं.

आता खवचट यांना उत्तर. 'माझ्या मताने काय होतं' म्हणालात, तर आमच्या व्हर्जिनियातली गोष्ट ऐका. २०१७, राज्याच्या हाउस ऑफ डेलिगेट्सचा ९४ क्रमांकाचा मतदारसंघ, न्यूपोर्ट न्यूज. फेरमोजणीत डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने पुढे. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी बाद ठरलेली एक मतपत्रिका ग्राह्य धरली. त्या मतदाराने दोन्ही नावांपुढचे गोल भरले होते आणि एकावर काट मारली होती. झालं, दोघांना ११,६०८ मतं. मग ४ जानेवारी २०१८ ला दोन नावं फोटोच्या फिल्मच्या डब्यांत घातली, डबे चिनीमातीच्या निळ्या-पांढऱ्या वाडग्यात ठेवले आणि एक चिठ्ठी उचलली. रिपब्लिकन डेव्हिड यॅन्सी निवडून आले. आणि प्रश्न नुसता त्यांच्या खुर्चीचा नव्हता. त्या एका जागेने सभागृह ५१-४९ असं रिपब्लिकनांकडे राहिलं.

मी तेव्हा राज्याच्या दुसऱ्या टोकाला होतो, पण ते वाडगं टीव्हीवर लाइव्ह बघितलंय. ९४ मधला एखादा देशपांडे त्या दिवशी भाजी आणायला गेला नसता तर वाडग्याची गरजच पडली नसती.

---

खवचट_सदाशिवपेठी

देशपांडे व्हर्जिनियात गेले तरी भाजी ताजीच आणतात, तो वाद नको. :)

वाडगं मान्य. पण ते राज्याच्या सभागृहाचं. मी अध्यक्षपदाचं बोलत होतो. २०१६ ला क्लिंटनबाईंना देशभर सुमारे २९ लाख मतं जास्त पडली आणि हरल्या. निकाल लागला मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियात मिळून ७८ हजारांहून कमी मतांवर. मग न्यू जर्सीतल्या माणसाने कशाला मरायचं? कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन माणसाचं दुःख तर आणखी मोठं.

---

ओसरीवरची

त्यात तथ्य आहेच, इलेक्टोरल कॉलेजमुळे (बहुतेक राज्यांत जो पुढे, त्यालाच त्या राज्याची सगळी मतं) पाच-सात राज्यं सोडून बाकीच्यांकडे प्रचारालाही कुणी फिरकत नाही. पण 'निळा दगड' जरा जपून. २०२० ला इथे डेमोक्रॅटांची आघाडी १६ टक्क्यांची होती, २०२४ ला ती ६ वर आली.

आणि बॅलटवर अध्यक्ष ही फक्त पहिली ओळ असते हो! त्याखाली सिनेटर, काँग्रेस, काउंटी कमिशनर (२०२० पर्यंत आमच्याकडे त्यांना 'फ्रीहोल्डर' म्हणायचे, शब्द ऐकून मला वाटायचं जमीनदार असतील), कौन्सिल, स्कूल बोर्ड, वर घटनादुरुस्तीचे प्रश्न. पहिल्या वर्षी मी खालच्या निम्म्या बॅलटवर आडनावं बघून टिक केल्या. लाज वाटते सांगताना.

---

ह्यूस्टनचा_बंड्या

ताई, लाज कसली, आमच्याकडे या! टेक्सासात न्यायाधीशसुद्धा निवडून द्यायचे, पक्षाच्या तिकिटावर. हॅरिस काउंटीत एका बॅलटवर डझनांनी न्यायाधीशांच्याच लढती. प्रोबेट कोर्ट क्रमांक अमुक, क्रिमिनल कोर्ट क्रमांक तमुक. पूर्वी एक बटण दाबलं की सगळं पक्षाच्या खात्यात जायचं, २०२० पासून ती सोयही गेली. मी घरून चिटोरं लिहून नेतो कारण आत फोन काढता येत नाही. गेल्या खेपेला पंचवीस मिनिटं मशीनपुढे उभा होतो, मागचा माणूस खाकरत होता.

माझं मत विचाराल तर अमेरिकेत मतदान कमी होण्याचं एक कारण मतदान जास्त असणं हेच आहे. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक), प्रायमरीचा रनऑफ म्हणजे फेरलढत, जनरल, मे महिन्यातलं गावचं, बाँडचं वेगळं. भारतात पाच वर्षांत तीन-चारदा बोटाला शाई लागते. इथे वर्षातून तीनदा बोलावणं. सत्यनारायण दर आठवड्याला ठेवला तर प्रसादालाही कुणी येणार नाही.

---

ओसरीवरची

बंड्या, हे पटलं. आणि हे वेगवेगळे दिवस कुणीतरी ठरवलेत ना? लॉस एंजेलिसचं उदाहरण वाचलं होतं. तिथे महापौराची निवडणूक विषम वर्षात व्हायची, २०१७ ला मतदान २० टक्क्यांच्या आसपास. मग ती मिडटर्मच्या वर्षात नेली. २०२२ ला, कॅरन बास निवडून आल्या तेव्हा, ४४ टक्के. माणसं तीच, शहर तेच, तारीख फक्त बदलली.

मग आमच्या शाळेचा बाँड मार्चमध्ये का? नोव्हेंबरात का नाही? मी बोर्डाच्या मीटिंगला हे विचारलं. उत्तर मिळालं, "बांधकामाचं वेळापत्रक." असेलही. पण कमी लोक आले की ठाम मताचे लोक जिंकतात हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

---

डेट्रॉईटजवळचा

ठाम मताच्या थोड्या लोकांवरून प्रायमरी आठवली. इथले बरेचसे मतदारसंघ एकाच पक्षाचे बालेकिल्ले, खरी निवडणूक ऑगस्टातल्या प्रायमरीत होते आणि तेव्हा अर्धं गाव लेकवर असतं. आपले श्री ठाणेदार (बेळगावात वाढलेले, मराठी माणूस) २०२२ ला काँग्रेसमध्ये गेले. प्रायमरीत बरेच उमेदवार होते, मतं फुटली, त्यांना साधारण २८ टक्के मिळाली. तेवढ्यावर तिकीट आणि तिकीट म्हणजे जागा. त्यांचा यात दोष नाही, नियमाने जिंकले आणि खर्च स्वतःच्या खिशातला केला. पण मंडळात सगळे 'मराठी माणूस खासदार झाला' म्हणून पेढे वाटत होते, त्यातल्या किती जणांनी प्रायमरीत कुणालाही मत दिलं होतं? मी विचारलं तर विषय पेढ्यांवर गेला.

---

रिचमंडकर

न्यू जर्सीच्या प्रायमरीचं तर अजबच होतं ना? काउंटीच्या पक्षाने पाठिंबा दिलेले सगळे उमेदवार एका रांगेत छापायचे, बाकीचे कुठे कोपऱ्यात.

---

ओसरीवरची

हो, 'काउंटी लाइन'. आम्ही त्याला पंगत म्हणायचो, बाहेरचे उमेदवार आगंतुकासारखे भिंतीकडेला. सिनेटला उभे असलेल्या अँडी किम यांनी २०२४ मध्ये कोर्टात नेलं, मार्चअखेर न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती पद्धत थांबवली. आता पदाप्रमाणे चौकट छापतात. २०२५ च्या प्रायमरीत पहिल्यांदाच मला कोण कशासाठी उभं आहे ते एका नजरेत कळलं.

---

मेलबर्नची_मावशी

आमच्याकडे १९२४ पासून मतदान सक्तीचं आहे. नाही गेलं तर वीस डॉलरचा दंड, मतदान शनिवारी, नव्वदच्या आसपास टक्के लोक येतात. शाळेच्या अंगणात मत द्यायचं आणि बाहेर पालकसंघाच्या स्टॉलवर पावात गुंडाळलेलं सॉसेज खायचं. मी शाकाहारी, मला कांदा-पाव. दंड एवढासाच असला तरी एकदा सक्ती आली की सरकारलाही सोय करावीच लागते, केंद्र जवळ, रांग छोटी.

---

अटलांटाकर

मावशी, तिथे सरकारला लोक यायला हवे आहेत. इथल्या बऱ्याच भागांचा इतिहास नेमका उलटा आहे, म्हणून 'आळस' शब्द मला खटकतो. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मत देता येऊ नये म्हणून साक्षरता चाचण्या घेतल्या, मतासाठी कर लावला. अलाबामात सेल्माच्या पुलावर मोर्चातल्या माणसांची डोकी फुटली तेव्हा कुठे ऑगस्ट १९६५ मध्ये व्होटिंग राइट्स ॲक्ट आला. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे काही राज्यांनी नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते बोथट केलं. २०२१ च्या जॉर्जियाच्या कायद्यात तर केंद्राजवळ रांगेतल्या मतदाराला पाण्याची बाटली देण्यावरही बंदी आहे. हेतू मतदारांना भुलवू नये असा सांगतात. पण ज्या वस्तीत रांग दहा मिनिटांची असते तिथे पाण्याचा प्रश्नच येत नाही.

माझी शेजारीण ७८ वर्षांची आहे. तिचे वडील मत नोंदवायला गेले तर परत पाठवले होते. ती एकही निवडणूक चुकवत नाही, गावच्या सॅनिटेशनचीसुद्धा. चर्चला जाते तशी हॅट घालून जाते. तिच्यापुढे मी सॉकरची सबब सांगू शकत नाही.

---

रांगेतला

मी सोळा वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत. घर आहे, म्हणजे त्या बाँडचे पैसे मीही भरणार. मत नाही. तुमची सॉकर-प्रॅक्टिसवाली कुटुंबं वाचून जरा चिडचिड झाली. असो. आमच्यासारख्यांना काही करता येतं का?

---

काटेकोर

करता येतं, पण आधी काय करू नये ते. लायसन्सच्या ऑफिसात नोंदणीच्या चौकटीवर चुकूनही टिक करू नका. नागरिक नसताना नागरिक म्हणून सही करणं हे पुढे हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं, नकळत झालं ही सबब चालेलच असं नाही. नागरिकत्वाच्या अर्जात कधी नोंदणी केली का, मत दिलं का, हे थेट विचारतात. मेरीलँडच्या टाकोमा पार्कसारख्या थोड्या गावांत स्थानिक मत देता येतं, सॅन फ्रान्सिस्कोत पालकांना स्कूल बोर्डाला देता येतं. तिथेही आधी वकिलाला विचारावं.

---

ओसरीवरची

आणि बोर्डाच्या मीटिंगला बोलायला नागरिक असावं लागत नाही! नाव-गाव सांगायचं, तीन मिनिटं मिळतात. त्या रात्री हॉलमध्ये आम्ही नऊ जण होतो. नवातले तीन बोलले तरी बोर्ड लिहून घेतं.

निकाल सांगायचा राहिला. पोस्टाची मतं मोजून काल आला. बाँड पडला. फरक ३८ मतांचा. बहुतेक सप्टेंबरमध्ये पुन्हा आणतील, वर्गखोल्या वगळून, फक्त छप्पर आणि बॉयलर.

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना विचारलंय, गणपतीत चपलांच्या स्टँडशेजारी नोंदणीच्या फॉर्मचं टेबल लावू द्या म्हणून. ते म्हणाले, "राजकारण नको." मी म्हटलं, बॉयलर कुठल्या पक्षाचा आहे ते सांगा. विचार करून कळवतो म्हणालेत.

---

खवचट_सदाशिवपेठी

३८?? आमच्या गल्लीत एवढे मराठी राहतात.

तारीख टाका.

---

रांगेतला

मलाही तारीख हवी. मुलगी इथेच जन्मलेली, ऑगस्टमध्ये अठराची होते. घरातली पहिली मतदार. आधीपासून नोंदणी करून ठेवता येते का?

---

ओसरीवरची

येते, सतराव्या वर्षी नोंदणी करता येते, अशा बाँडला मत मात्र अठरा पूर्ण झाल्यावर. ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम. निवडणुकीच्या २१ दिवस आधी झालं पाहिजे, म्हणून आत्ताच करून टाका. आणि ती कॉलेजला बाहेरगावी जाणार असेल तर पोस्टाने मत मागवण्याचा वेगळा अर्ज असतो, तो विसरू नका.